हवामान अभियांत्रिकी : महाराष्ट्र व गोव्यातील प्रयोग आणि वाद

वातावरण, महासागर किंवा पृथ्वीवर येणारे सौर प्रारण ह्यांत हेतुपुरस्सर व मोठ्या प्रमाणावर फेरफार करून जलवायुमानात बदल घडवून आणण्याच्या तंत्रांना हवामान अभियांत्रिकी किंवा भू-अभियांत्रिकी असे म्हणतात. कृत्रिम पाऊस पाडणे, गारांचे नियंत्रण, धुके हटविणे ही तंत्रे मर्यादित प्रदेशापुरती व थोड्या काळापुरती असतात; त्यांचा समावेश हवामानाच्या कृत्रिम नियंत्रणात करतात. ह्या दोहोंच्या व्याप्तीत मोठा फरक असला, तरी त्यांविषयीचा वाद एकाच स्वरूपाचा आहे. निसर्गतः जे घडले असते त्याहून वेगळे काही हस्तक्षेपामुळे घडले, हे कसे सिद्ध करावयाचे. हस्तक्षेपाचा निर्णय कोणी घ्यावयाचा आणि परिणामांना उत्तरदायी कोण, हे त्यातील तीन मुख्य प्रश्न होत. जागतिक पातळीवर हे प्रश्न एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पुढे आले. महाराष्ट्रात मात्र कृत्रिम पावसाच्या निमित्ताने ते त्यापूर्वीच उपस्थित झालेले होते. संकट जितके निकडीचे, तितका उपायाची पारख करण्यास अवकाश कमी, हा ह्या इतिहासातून दिसणारा मुख्य पेच होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला अडतात व आपले बरेचसे बाष्प घाटमाथ्यावर टाकतात. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५०० सेंमी. हून अधिक पाऊस पडतो. मुठा नदीच्या उजव्या तीरावरील शनिवार पेठ व तिच्या लगतच्या पेठा मिळून झालेल्या जुन्या पुणे शहरात हे मान सुमारे ७० सेंमी. पर्यंत खाली येते. आणखी पूर्वेस दौंड, बारामती, इंदापूर ह्या तालुक्यांत ते ५० सेंमी. च्या आसपास असते. ह्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यावरून पावसाळाभर ढग जात असतात. परंतु त्यांपैकी पुष्कळसे न बरसताच पुढे सरकतात अथवा विरून जातात. शनिवार पेठेतील नळाचे पाणी आणि दौंड-इंदापूरच्या शेतांना मिळणारे कालव्याचे पाणी ही दोन्ही खडकवासला धरणसाखळीतून येतात. त्यामुळे घाटमाथ्यावर पाऊस कमी झाला की, शहर व शेती ह्यांच्यात पाण्याच्या वाटपावरून तंटा उभा राहतो. माथ्यावरून जाणाऱ्या ढगांतून थोडे अधिक पाणी मिळविता आल्यास हा तंटा सौम्य होईल, ही अपेक्षा ह्या प्रदेशात सहज रुजली.

शास्त्रीय आधार : ढगातील जलबिंदू इतके सूक्ष्म असतात की, ते हवेत तरंगत राहतात. पाऊस पडण्यासाठी असे लक्षावधी बिंदू एकत्र यावे लागतात. ज्या ढगांचा माथा गोठणबिंदूच्या पातळीहून बराच वर गेलेला असतो, त्यांत शून्य अंश सेल्सिअसखालीही द्रवरूपात राहिलेले अतिशीत जलबिंदू असतात. अशा ढगात हिमस्फटिक निर्माण झाल्यास ते भोवतालच्या बिंदूंतील बाष्प शोषून झपाट्याने वाढतात व वितळून पावसाच्या रूपाने खाली येतात. सिल्व्हर आयोडाइडाच्या कणांची स्फटिकरचना हिमाच्या रचनेशी मिळतीजुळती असल्याने ते हिमस्फटिकांची केंद्रे म्हणून उपयोगी पडतात. उष्ण ढगांचा माथा गोठणपातळीच्या खालीच राहतो. त्यांत मिठासारख्या आर्द्रताशोषक पदार्थाचे मोठे कण सोडल्यास त्यांच्याभोवती मोठे बिंदू तयार होतात व ते पडताना लहान बिंदूंना सामावून घेत वाढतात. दोन्ही प्रकारांत ढग अगोदर असावा लागतो आणि त्यात पुरेसे द्रवरूप पाणी असावे लागते. बीजारोपणाने ढग निर्माण होत नाही. निरभ्र आकाशाखालील अवर्षणावर हा उपाय लागू पडत नाही, ही मर्यादा तंत्राच्या मुळाशीच आहे.

पूर्वेतिहास : व्हिन्सेंट शेफर ह्यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत शुष्क हिमाच्या (घन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या) साहाय्याने अतिशीत ढगात हिमस्फटिक निर्माण केले व त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी विमानातून प्रत्यक्ष ढगावर हा प्रयोग केला. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट ह्यांनी सिल्व्हर आयोडाइडाचा गुणधर्म दाखवून दिला. ऑक्टोबर १९४७ मध्ये अटलांटिक महासागरावरील एका चक्री वादळात शुष्क हिम टाकण्यात आले. त्यानंतर वादळाने दिशा बदलली व ते जॉर्जिया राज्यातील सव्हॅना शहराजवळ किनाऱ्यावर येऊन आदळले. वादळ प्रयोगामुळे वळले की आपल्या गतीने वळले, ह्यावर पुष्कळ वाद झाला. उत्तरदायित्वाचा प्रश्न अशा प्रकारे ह्या विद्येच्या बाल्यावस्थेतच पुढे आला.

भारतातील पहिल्या प्रयत्नांपैकी एक पश्चिम घाटातच झाला. १९५१ मध्ये टाटा उद्योगसमूहाने जमिनीवरील जनित्रांतून सिल्व्हर आयोडाइडाचा धूर ढगांत सोडण्याचा प्रयोग केला. पुढच्या वर्षी भारतीय हवामानखात्याचे माजी महासंचालक एस्. के. बॅनर्जी ह्यांनी कलकत्ता येथे हायड्रोजनच्या फुग्यांच्या साहाय्याने ढगांत मीठ व सिल्व्हर आयोडाइड सोडून पाहिले. त्यानंतर दिल्ली, आग्रा व जयपूर ह्या भागांत १९५७–६६ ह्या काळात जमिनीवरून मिठाचे कण सोडण्याचे प्रयोग पद्धतशीरपणे करण्यात आले.

पुण्याचा अकरा हंगामांचा प्रयोग : पुण्यात १९६२ मध्ये उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था स्थापन झाली. १९७१ मध्ये तिला स्वायत्तता मिळून भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था हे नाव प्राप्त झाले. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर संस्थेने पुण्याच्या पूर्वेकडील बारामती परिसरात उष्ण ढगांत विमानातून मिठाची भुकटी सोडण्याचा प्रयोग हाती घेतला. १९७३, १९७४ व १९७६ ह्या वर्षी आणि पुढे १९७९ ते १९८६ असे एकूण अकरा पावसाळी हंगाम तो चालला.

प्रयोगाची आखणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रयोगक्षेत्राचे उत्तर, मध्य व दक्षिण असे प्रत्येकी सुमारे १,६०० चौ. किमी. चे तीन विभाग पाडण्यात आले. उत्तर व दक्षिण ह्यांपैकी कोणत्या विभागात त्या दिवशी मीठ सोडावयाचे, हे यदृच्छेने ठरविले जाई. दुसरा विभाग तुलनेसाठी तसाच ठेवला जाई. मधला विभाग एका बाजूचे मीठ दुसऱ्या बाजूस पोहोचू नये म्हणून मोकळा सोडलेला असे. सर्व हंगाम मिळून अशा दिवसांच्या १६० जोड्या उपलब्ध झाल्या. त्यांच्या विश्लेषणावरून मीठ सोडलेल्या विभागात पाऊस सुमारे २४ टक्के अधिक पडल्याचे आणि हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव शंभरात सुमारे चार इतकाच असल्याचे दिसून आले.

ह्या प्रयोगातील दुसरा निष्कर्ष कमी प्रसिद्ध, पण तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या ढगांची जाडी एक किमी. हून अधिक व द्रवरूप पाण्याचे प्रमाण पुरेसे होते, त्यांनी अनुकूल प्रतिसाद दिला; उथळ ढग मात्र बीजारोपणानंतर विरून जाण्याची प्रवृत्ती आढळली. याचा अर्थ असा की, अयोग्य ढगावर केलेला प्रयोग केवळ निष्फळ ठरतो असे नाही, तर तो अपायकारकही ठरू शकतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात एका दिवसाच्या व दुसऱ्या दिवसाच्या, तसेच एका गावाच्या व शेजारच्या गावाच्या पावसात निसर्गतःच इतकी तफावत असते की, पाव हिश्शाची वाढ ओळखण्यासाठी अकरा हंगाम खर्ची पडले. एखाद्या दिवशी विमान गेले व नंतर पाऊस पडला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हा ह्या प्रयोगाचा शास्त्रीय धडा होय.

शासकीय मोहिमा : ह्यानंतर सुमारे सतरा वर्षांनी, २००३ च्या अवर्षणात, महाराष्ट्र शासनाने ‘वर्षा’ ह्या नावाने कृत्रिम पावसाची मोहीम काढली. अमेरिकेतील एका व्यावसायिक संस्थेकडे काम सोपविण्यात आले व बारामती येथे रडार उभारण्यात आले. मोहीम पुढील वर्षीही चालली. २०१५ मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथून पुन्हा विमाने उडविण्यात आली. तरीही त्या हंगामातील तूट इतकी राहिली की, एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. २०१९ मध्ये शासनाने सुमारे ३० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली व ऑगस्ट महिन्यात औरंगाबाद येथून उड्डाणे सुरू झाली. त्याच महिन्यात कोल्हापूर व सांगली जिल्हे महापुराने वेढले गेले होते. एकाच राज्यात एकीकडे पाणी ओसरण्याची व दुसरीकडे ते पडण्याची प्रतीक्षा चालू होती.

ह्या मोहिमा आणि १९७३–८६ चा प्रयोग ह्यांत हेतूचा मूलभूत फरक होता. मोहिमेचा उद्देश पाऊस वाढविणे हा होता, तो वाढतो किंवा नाही हे पाहणे हा नव्हता. योग्य वाटलेला प्रत्येक ढग बीजारोपणासाठी घेतल्यावर तुलनेसाठी ढग उरत नाही. दुष्काळात होरपळणाऱ्या तालुक्यावरचा एखादा चांगला ढग केवळ तुलनेसाठी सोडून द्यावा, असे सांगणे कोणत्याही शासनाला कठीण असते. शिवाय अवर्षणाची जाणीव तीव्र होऊन मंजुरी, निविदा, विमान व रडार ह्यांची व्यवस्था होईपर्यंत हंगामाचा मोठा भाग उलटून गेलेला असतो. ज्या वर्षी गरज सर्वाधिक, त्या वर्षी योग्य ढग सर्वांत कमी, हा ह्या उपायातील अंगभूत विरोध आहे.

मोहिमांच्या समर्थकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. शेतकऱ्याची पेरणी वाया जात असताना अकरा वर्षांच्या पुराव्याची वाट पाहणे हा सुस्थितीत असलेल्यांचा युक्तिवाद आहे; थोडा पाऊस वाढण्याचा संभव असल्यास खर्च करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर टीकाकारांचे उत्तर असे की, तोच निधी व तीच प्रशासकीय शक्ती मृद्संधारण, पाझर तलाव, पीकरचनेतील बदल व पाण्याचे न्याय्य वाटप ह्यांकडे वळविल्यास फळ निश्चित मिळते. आकाशातील विमान सर्वांना दिसते व शासन काहीतरी करीत असल्याची ग्वाही देते. बांधबंदिस्तीला असे दर्शनी मूल्य नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्येच, म्हणजे ‘वर्षा’ मोहिमेच्या वर्षी, हवामान नियंत्रणाच्या परिणामकारकतेचा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अद्यापि उपलब्ध नाही असा अभिप्राय दिला होता. इझ्राएलमध्ये २०१३–२० ह्या काळात नव्याने केलेल्या यादृच्छिक प्रयोगातही पावसात लक्षणीय वाढ आढळली नाही.

सोलापूर येथील प्रयोग : पुण्याच्या संस्थेने २००९ पासून ढग, वातावरणातील सूक्ष्मकण व पर्जन्यवृद्धी ह्यांच्या अभ्यासाचा ‘कायपीक्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याचा चौथा टप्पा २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात पार पडला. २७६ ढगांची निवड करून त्यांपैकी काहींत बीजारोपण करण्यात आले व बाकीचे तुलनेसाठी ठेवण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाऱ्याच्या दिशेने पुढील सुमारे १०० चौ. किमी. क्षेत्रात पाऊस सरासरीने १८ टक्के व काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढला. मिळालेल्या जादा पाण्याचा खर्च लिटरला सुमारे १८ पैसे इतका आला. दहा हजार लिटरच्या टँकरमागे हा खर्च १,८०० रुपये होतो. टंचाईच्या काळातील टँकरच्या दराशी तो तुलनीय ठरेल. परंतु सिंचनासाठी तो परवडणारा नाही. शिवाय हे पाणी टाकीत न पडता रानोमाळ पडते. तंत्राला मर्यादित यश आहे, दुष्काळनिवारणाचे सामर्थ्य त्यात नाही, असा ह्या आकड्यांचा एकत्रित अर्थ लावता येतो.

उत्तरदायित्वाचा प्रश्न : पाण्याच्या बाबतीत मानवी कृतीचा परिणाम काय होऊ शकतो, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी अनुभवले. अपूर्णावस्थेतील पानशेत धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले, त्या लोंढ्यात खडकवासला धरणही गेले आणि मुठेच्या पुराने शनिवार, नारायण इ. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. शासनाला चौकशी आयोग नेमावा लागला. धरण ही दृश्य वास्तू असल्याने तिचा आराखडा, बांधकाम व निर्णय ह्यांची छाननी करणे शक्य झाले. ढगातील हस्तक्षेपाची अशी छाननी करता येत नाही. अमेरिकेतील रॅपिड सिटी येथे ९ जून १९७२ रोजी आलेल्या पुरात २३८ लोक मृत्यू पावले. त्याच दिवशी जवळच्या भागात ढगांत मिठाची भुकटी सोडण्याचा प्रयोग झालेला होता. शास्त्रज्ञांनी पूर नैसर्गिक कारणांनी आल्याचे म्हटले. पण लोकांच्या मनातील संशय दूर झाला नाही व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एका तालुक्यात पाडलेला पाऊस हा पुढच्या तालुक्याचा हिरावून घेतलेला पाऊस, ही तक्रारही ह्याच जातीची आहे. तिला शास्त्रीय आधार दुबळा असला, तरी ती निर्णायकपणे खोडून काढणेही तितकेच कठीण आहे.

व्हिएटनाम युद्धात अमेरिकेने १९६७–७२ ह्या काळात शत्रूचे मार्ग चिखलमय करण्यासाठी मोसमी ढगांत गुप्तपणे बीजारोपण केले. हे उघडकीस आल्यावर हवामान नियंत्रणाच्या लष्करी वापरावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांत १९७६ मध्ये संमत झाला. तो १९७८ मध्ये अंमलात आला व भारतही त्यात सहभागी आहे. शांततेच्या काळातील वापरासंबंधी मात्र तितका स्पष्ट निर्बंध अस्तित्वात नाही.

गोव्यातील संस्थेचा सागरी प्रयोग : वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी करण्याच्या उद्देशाशी निगडित अशा एका मोठ्या प्रयोगात गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सहभागी होती. दक्षिणेकडील महासागरात लोहाची उणीव असल्याने सूक्ष्म वनस्पतींची वाढ खुंटते. लोह पुरविल्यास त्या वाढून कार्बन शोषून घेतील व मेल्यावर तो समुद्रतळाशी नेतील, अशी कल्पना होती. जर्मनीच्या आल्फ्रेड व्हेगेनर संस्थेसह जानेवारी–मार्च २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ ह्या जहाजावरून हा प्रयोग करण्यात आला. लोह ह्या भारतीय शब्दावरून त्यास ‘लोहाफेक्स’ असे नाव देण्यात आले. भारताकडून एस्. डब्ल्यू. ए. नक्वी व जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

जहाज निघाल्यावर वाद उफाळला. जैवविविधता करारातील राष्ट्रांनी मे २००८ मध्ये महासागराच्या खतीकरणाबाबत संयम पाळण्याचे ठरविले होते. त्याचा भंग होतो, असा आक्षेप पर्यावरणवादी संघटनांनी व जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने घेतला. स्वतंत्र तज्ञांचे अभिप्राय मागवून जानेवारीच्या अखेरीस अनुमती मिळाली. दक्षिण अटलांटिकमधील सुमारे ३०० चौ. किमी. क्षेत्रात लोहाचे क्षार सोडण्यात आले. सूक्ष्म वनस्पती प्रथम वाढल्या. परंतु त्या पाण्यात सिलिकेचे प्रमाण अल्प असल्याने कवचधारी डायाटमांची वाढ झाली नाही. जी वाढ झाली ती वल्हेपाद प्राण्यांनी खाऊन टाकली व फारच थोडा कार्बन खोल पाण्यात गेला. कार्बन साठविण्याच्या दृष्टीने हा निकाल प्रतिकूल होता. तरीही, हा प्रयोग शास्त्रीय निरीक्षणासाठी आखलेला असल्यामुळेच कल्पनेतील उणीव स्पष्ट झाली. प्रयोगास विरोध करणारे व त्याच्या यशाची स्वप्ने पाहणारे, अशा दोघांनाही ह्या निष्कर्षाची दखल घ्यावी लागली.

सौर प्रारणाचे नियंत्रण : फिलिपीन्समधील पिनातूबो ज्वालामुखीच्या जून १९९१ मधील उद्रेकाने स्थितांबरात प्रचंड प्रमाणावर सल्फर डाय-ऑक्साइड गेला व पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे ०.५° से. ने उतरले. हाच परिणाम कृत्रिम रीत्या घडविता येईल का, ह्याचा अभ्यास व्हावा, असे नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्सेन ह्यांनी २००६ मध्ये सुचविले. उत्सर्जन घटविण्याचे प्रयत्न अपुरे पडत असल्याची खंत त्यामागे होती. तेव्हापासून हा वाद जगभर पसरला. हार्व्हर्ड विद्यापीठाने योजिलेले अशा प्रकारच्या लघुप्रयोगाचे पूर्वतयारीचे उड्डाण २०२१ मध्ये स्वीडनमधील सामी लोकांच्या व पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळे रद्द झाले व २०२४ मध्ये प्रकल्पच बंद करण्यात आला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्यातील मर्माचा प्रश्न मोसमी पावसाचा आहे. जमीन व समुद्र ह्यांच्या तापण्यातील फरकावर मोसमी वारे अवलंबून असतात. पिनातूबोच्या उद्रेकानंतर १९९२ मध्ये जगातील भूभागांवरील पावसात घट नोंदली गेली. काही संगणकीय प्रतिकृतींतही स्थितांबरातील सूक्ष्मकणांमुळे आशियातील उन्हाळी मोसमी पाऊस कमी होण्याची शक्यता दिसते. काहींत तो तापमानवाढीपूर्वीच्या पातळीच्या जवळ राहतो. शिवाय असा हस्तक्षेप एकदा मोठ्या प्रमाणावर सुरू करून अचानक थांबविल्यास दबून राहिलेली तापमानवाढ थोड्या वर्षांत उफाळून येईल. पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतकऱ्याला सरासरी तापमानातील अंशांशापेक्षा जुलै-ऑगस्टमधील दोन-तीन सरींचे मोल अधिक असते आणि त्या सरींविषयीचे अंदाजच सर्वांत अनिश्चित आहेत.

मूल्यमापन : उपायाच्या समर्थनार्थ जगभर ‘जलवायुमानाची आणीबाणी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. नेहमीची प्रक्रिया बाजूस सारून तातडीने निर्णय घेण्याचा अर्थ ह्या शब्दात अभिप्रेत असतो. १९७५–७७ च्या अनुभवामुळे मराठी वाचकाला तो वेगळा सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातील अर्धशतकाचा अनुभव असे दर्शवितो की, संकट नसताना शांतपणे चाललेल्या प्रयोगांनी ज्ञानात भर घातली. संकटकाळी काढलेल्या मोहिमांनी मात्र, त्यांचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी, पुढील संकटासाठी वापरता येईल असा पुरावा फारसा मागे ठेवला नाही. एका पावसाळ्याच्या व काही तालुक्यांच्या बाबतीत ही स्थिती असेल, तर ज्याला तुलनेसाठी दुसरी पृथ्वी उपलब्ध नाही, अशा जागतिक हस्तक्षेपाच्या बाबतीत ती अधिकच बिकट ठरते. त्यामुळे संशोधन करावे किंवा न करावे, ह्यापेक्षा ते निकडीच्या क्षणापूर्वी, उघडपणे आणि ज्यांच्या शेतावर परिणाम होणार त्यांना विश्वासात घेऊन करावे, हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपयांचे ‘मिशन मौसम’ मंजूर केले. हवामानाच्या नियंत्रणाचा अभ्यास हा त्यातील एक भाग असून त्यासाठी पुण्याच्या संस्थेत ढगांची प्रक्रिया बंदिस्त जागेत अभ्यासता येईल असा मेघकक्ष उभारण्याची योजना आहे. नियंत्रित परिस्थितीत तोच प्रयोग पुनःपुन्हा करून पाहण्याची सोय उघड्या आकाशात नसते. ती अशा कक्षात मिळू शकेल. मात्र कक्षात ढगाची प्रक्रिया उलगडली, तरी ढगावरील अधिकाराचा प्रश्न तेथे सुटण्यासारखा नाही. तो लोकप्रतिनिधी, शास्त्रज्ञ आणि पर्जन्यछायेतील शेतकरी ह्यांनाच एकत्र बसून सोडवावा लागेल.